पुण्यात मुलांना घेऊन: आयुका, केळकर संग्रहालय, खोडद आणि आणखी काही

पुण्यातल्या संशोधन संस्था ही सहलीची ठिकाणं नव्हेत. तिथे रोज काम चालतं आणि लोकांसाठी ठरलेल्या दिवशीच दारं उघडतात. हे लक्षात न घेता सुट्टीच्या सकाळी मुलांना गाडीत घालून निघालं की दुपारपर्यंत दोन बंद दरवाजे बघून परत यायची वेळ येते. दिवस आणि मुलाचं वय जुळलं, तर मात्र या शहरात जे बघायला-ऐकायला मिळतं ते फुकट किंवा थोडक्या तिकिटात मिळतं, आणि कसाला उतरलेलं असतं. म्हणून प्रत्येक ठिकाणाबद्दल ते कोणत्या वयासाठी चांगलं, किती वेळात बघून होतं आणि कुठे फसगत होते, ते सांगतो.

एकाच ठिकाणी जायचं असेल तर आयुका. विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली जयंत नारळीकरांनी उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था शाळकरी मुलांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान ठेवते. विषय एकच, सत्रं दोन: एक इंग्रजीतून आणि एक मराठी किंवा हिंदीतून. व्याख्यान चंद्रशेखर सभागृहात होतं. वक्ता त्या विषयात काम करणारा माणूस असतो, आणि हीच याची खरी किंमत. पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेली गोष्ट ज्याने स्वतः मोजली, तपासली, त्याच्या तोंडून ऐकायला मिळते.

व्याख्यानाचा रोख आठवी ते दहावीच्या मुलांकडे असतो. तिसरी-चौथीतलं मूल पहिली वीस मिनिटं चित्रं बघतं, मग चुळबुळ करतं. त्यात त्याचा दोष नाही. इतक्या लहान मुलाला आवारातल्याच विज्ञान शोधिकेत किंवा विज्ञान दिनाला न्यावं. पालकांची दुसरी चूक म्हणजे प्रश्नांच्या वेळी मुलाऐवजी स्वतः हात वर करणं. शेवटची प्रश्नोत्तरं हा या तासाचा सर्वात चांगला भाग असतो. मुलाला घरूनच एक प्रश्न कागदावर लिहून आणायला सांगा. ऐनवेळी सुचत नाही, आणि सुचला तरी एवढ्या मोठ्या सभागृहात तोंडातून शब्द फुटत नाही. कागद हातात असला की वाचून तरी दाखवता येतो. शाळांच्या सुट्टीत वेळापत्रक बदलतं, त्यामुळे त्या महिन्याचा विषय आणि सत्राची वेळ आयुकाच्या संकेतस्थळावर बघूनच निघा. विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीसाठी अर्धा तास जास्तीचा धरा.

आवारातच मुक्तांगण विज्ञान शोधिका, म्हणजे मुलांसाठीचं विज्ञान केंद्र, आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘मुक्तांगण’ म्हणू नका. येरवड्याचं व्यसनमुक्ती केंद्र मुक्तांगण, सेनापती बापट रस्त्यावर भारतीय विद्या भवनाचं एक्सप्लोरेटरी हे विज्ञान केंद्रही मुक्तांगण, आणि आयुकातली शोधिकाही मुक्तांगण. ‘विद्यापीठ, आयुका’ असं सांगितलं की घोळ होत नाही. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या शोधिकेच्या इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींमधला तारा, आणि नावातच ‘पुल’. इतकं नेमकं नाव पुण्यात दुसऱ्या कुठल्या वास्तूला क्वचितच असेल.

अरविंद गुप्तांनी इथे कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी केली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण आणि चौकोन करायचे: त्रिकोण दाबला तरी तसाच राहतो, चौकोन एका बाजूला कलंडतो. पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात हे मुलाला समजवायला यापेक्षा सोपं साधन नाही. नळीचे तुकडे दीड-दोन सेंटिमीटरचे असावेत. त्याहून लहान केले तर काडी निसटते आणि मूल कंटाळतं.

घरी करून बघण्यासारखी दुसरी वस्तू म्हणजे सेलवर फिरणारी मोटर. एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक रबर बँड, एक छोटं गोल चुंबक आणि इनॅमलचा मुलामा असलेली तांब्याची तार. सेलभोवती तारेचे दहा वेढे घेऊन वेटोळं करायचं आणि दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढायची. पिना सेलच्या दोन टोकांना रबराने घट्ट धरायच्या, चुंबक सेलवर ठेवायचं आणि तारेची टोकं पिनांच्या डोळ्यांत अडकवायची. हे बहुतेक घरांत एकाच ठिकाणी अडतं. मुलं तारेच्या दोन्ही टोकांवरचा मुलामा पूर्ण खरवडतात. मग वेटोळं फिरत नाही, नुसतं मागेपुढे डोलतं, कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा रेटा उलट दिशेने लागतो. एक टोक सगळीकडून खरवडायचं आणि दुसरं फक्त वरच्या अर्ध्या बाजूने. मग उलटा रेटा लागायच्या वेळी वीजच बंद असते, आणि वेटोळं आधीच्या वेगाने पुढची अर्धी फेरी पुरी करतं. वेटोळं अडकून राहिलं तर सेल तापतो, तेव्हा लगेच काढायचं.

व्याख्यानानंतर घाईने बाहेर पडू नका. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेला हा परिसरच एक प्रदर्शन आहे. प्रवेशाजवळची भिंत बघा: खाली काळा बसाल्ट, वर कडप्पा आणि त्यावर घोटीव काळा ग्रॅनाइट. अंतराळाचा काळोख पायरीपायरीने गडद होत गेलेला. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मुलं तिथे फोटो काढतात आणि पळतात. त्यांना थांबवायला हवं ते पृथ्वीचं फिरणं दाखवणाऱ्या फूकोच्या लंबकापाशी.

लंबकापाशी मोठी माणसं ‘बघ, पृथ्वी फिरते म्हणून हा फिरतो’ असं सांगतात, मूल दोन मिनिटं बघतं, त्याला काहीच फिरताना दिसत नाही, आणि बरोबरच आहे. झोक्याची दिशा बदलण्याचा वेग अक्षांशावर ठरतो. ध्रुवावर ती एका दिवसात पूर्ण फेरी मारते, विषुववृत्तावर अजिबात फिरत नाही. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश, त्यामुळे इथे तासाला पावणेपाच अंश एवढीच वळते आणि पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. म्हणून व्याख्यानाला जाण्याआधी लंबकाचा झोका कोणत्या खुणेशी येतो ते बघून ठेवायचं आणि तासाभराने परत यायचं. पाच अंशांचा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

बागेतल्या सूर्यघड्याळाचंही तसंच. मूल मनगटावरचं घड्याळ बघतं आणि ‘हे चुकलंय’ म्हणतं. ते चुकलेलं नसतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पुणे ७३.८५ अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ३५ मिनिटं मागे. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली असल्यामुळे वर्षभर आणखी काही मिनिटं कमीजास्त होतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकूण फरक १८ मिनिटांवर येतो, फेब्रुवारीच्या मध्याला तो ४९ मिनिटांपर्यंत जातो. २८ फेब्रुवारीला सुमारे ४७. ही वजाबाकी सातवीतल्या मुलाकडून करून घ्या. भूगोलाच्या पुस्तकातला रेखांशाचा धडा पहिल्यांदा त्याच्या कामाला येतो.

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. त्या दिवसाच्या आसपास आयुकाबरोबरच पाषाणच्या रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतही सामान्य लोकांसाठी कार्यक्रम असतात. तिन्हीकडे जायचा मोह होतो. तो आवरा. आयुकात गर्दी दुपारनंतर वाढते, म्हणून सकाळी दार उघडताच आत शिरा आणि रांग लागणारे प्रयोग आधी उरका. भित्तिपत्रकं कधीही वाचता येतात. तिथले संशोधक विद्यार्थी त्या दिवशी न कंटाळता समजावून सांगतात. त्यांना ‘हे काय आहे’ असं विचारण्याऐवजी ‘तुम्ही यात रोज काय करता’ असं विचारलं की उत्तर जास्त रंगतं.

विज्ञान दिनाचा पुण्याबाहेरचा मोठा सोहळा खोडदला असतो, आणि माझ्या मते वर्षातून एक लांबची खेप करायची तर हीच. नारायणगावच्या पूर्वेला, पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या: १४ मधल्या भागात जवळजवळ, आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. विज्ञान दिनाच्या सुमारास दोन दिवस इथे प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या गावांतल्या शाळांची मुलं स्वतः केलेले प्रकल्प घेऊन बसतात. शहरातल्या मुलाने ते आवर्जून बघावेत. ठिबक सिंचन, बिबट्यापासून संरक्षण, कांदा साठवण: जुन्नरच्या मुलांचे प्रश्न त्यांच्या शेतातून आलेले असतात.

तबकडीखाली उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो: याला तर भोकं आहेत, मग लहरी खाली गळून जात नाहीत का? उत्तर नीट द्यायला हवं. तबकडी पत्र्याची नाही, बारीक स्टीलच्या तारेच्या जाळीची आहे. जाळीचं छिद्र मध्यभागी १० मिलिमीटर, कडेला २०. दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांतल्या सर्वात आखूड लहरीसुद्धा साधारण २१ सेंटिमीटर लांबीच्या. छिद्र लहरीपेक्षा कितीतरी लहान असलं की लहरीला ती जाळी सलग आरशासारखीच वाटते. घरच्या मायक्रोवेव्हच्या काचेतली भोकाभोकांची जाळी याच कारणाने लहरी आत अडवते. जाळीचा दुसरा फायदा वाऱ्यात. वारा आरपार जातो, तबकडीवर ताण कमी येतो, त्यामुळे सांगाडा हलका करता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. परदेशात अशा दुर्बिणी जड सांगाड्याच्या होत्या. दोरखंडांवर ताणलेल्या जाळीची ही युक्ती इथली.

मोबाइल बंद ठेवा असं तिथे सांगतात ते शिस्तीसाठी नव्हे. फोनच्या लहरी दुर्बीण जिथे ऐकते त्याच पट्ट्यात किंवा शेजारी येतात, आणि आकाशातून येणारा संदेश त्यांच्यापुढे अतिशय क्षीण असतो. मुलाला हे कळलं की ते स्वतःच आईबाबांचा फोन तपासतं.

खोडदला जाताना सकाळी सातच्या आत पुणे सोडा. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणपर्यंतचा पट्टा उशीर झाला की सगळा दिवस खातो. एसटीने जायचं तर नारायणगावपर्यंत गाड्या भरपूर आहेत, पुढचं वाहन आधी ठरवून ठेवा. फेब्रुवारीअखेर दुपारी ऊन चटका देतं आणि मधल्या मोकळ्या जागेत सावली फार नाही: टोप्या आणि माणशी दोन लिटर पाणी लागतंच. त्याच दिवशी शिवनेरी जोडू नका. नकाशावर किल्ला जवळ दिसतो, पण उन्हात तबकड्यांखाली चार तास फिरलेलं मूल सात दरवाजे चढत नाही. परतीच्या वाटेवर नारायणगावच्या आसपास द्राक्षांचा हंगाम असतो, ती घ्यावीत.

आता शहराच्या पोटातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या कवीने, घरोघरी वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. वीस हजारांवर वस्तू, त्यातल्या मांडलेल्या सुमारे अडीच हजार. १९७५ मध्ये त्यांनी संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी बघायला हे संग्रहालय नाही. इथे अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, शेवयांचे साचे आणि टाच घासायच्या पितळी वज्री आहेत. रोज हातात येणाऱ्या वस्तूला कुणीतरी मोराची मान दिली, घोड्याचा आकार दिला. हे बघताना मोठ्यांचे पाय अडखळतात.

मुलांची अडचण वेगळी. दालनं वस्तूंनी गच्च भरलेली, जिने चढायचे, पाट्या त्रोटक. चौथ्या दालनात मूल ‘झालं का?’ विचारायला लागतं. यावर एक खात्रीचा उपाय आहे. आत शिरण्याआधी प्रत्येक मुलाने एकच प्रकार निवडायचा: एकाने दिवे, दुसऱ्याने अडकित्ते. मग सगळ्या दालनांत फक्त तेच शोधायचं, सर्वात आवडलेले तीन वहीत पेन्सिलने काढायचे आणि प्रत्येकाचं काम कसं चालतं ते सांगायचं. अडकित्त्याचं पातं कुठे, खीळ कुठे, सुपारी कुठे ठेवायची, आणि ती खिळीजवळ ठेवली तर कमी जोरात का फुटते. तरफेचा धडा तिथेच होतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर फारच उत्तम, कारण पाटीवर नसलेलं ते सांगतात. वापरलेली वस्तू काचेत बघितली की त्यांना बोलतं करावं लागत नाही. कोथरूडहून हलवून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल शेवटी बघा. आधी बघितला की बाकीचं फिकं वाटतं. दीड ते दोन तास पुरे. चारचाकी बाजीराव रस्त्याच्या भागात नेऊच नका. मेट्रोने मंडई स्थानकाला उतरून चालत जाणं सोपं. वय सहापासून पुढे. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्यांचा विचार करून ठरवावं.

सहाच्या आतल्या मुलांसाठी कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय. १९९८ पासून चालू आहे. अख्खं छोटं शहर, त्यात सिग्नलवर थांबणाऱ्या, पुलावरून जाणाऱ्या गाड्या. निवेदनासह खेळ असतो आणि अर्ध्या तासात संपतो, ही त्याची मोठी सोय. हात लावता येत नाही, हे मुलाला आधीच सांगून न्या. खेळाची वेळ फोनवर विचारा.

मोठ्यांच्या व्याख्यानांना मुलांना न्यावं का? न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये महिनाभर रोज चालते. बाराच्या पुढच्या मुलाला विषय बघून जरूर न्या: एखादा प्रवास, खेळाडू, शास्त्रज्ञ. राजकारण आणि अर्थकारणाच्या दिवशी नको. कडेच्या खुर्च्या घ्या, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर रांग उठवावी लागत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलेलं, हे जाणत्यांचं ठिकाण. तिथली भाषणं कागदपत्रांच्या तपशिलाने भरलेली असतात. किल्ल्यांच्या वेडाने झपाटलेल्या नववी-दहावीच्या मुलाला मात्र ती आवडतात. इतिहास कुणीतरी सांगतो म्हणून खरा नसतो, त्याला पुरावा लागतो, हे तिथे प्रत्यक्ष दिसतं.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात लोक फारसे जात नाहीत. जायला हवं. घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ पासून झालेल्या उत्खननाने तीन हजारांवर वर्षांपूर्वीचा महाराष्ट्रातला शेतकरी काय खात होता, घर कसं बांधत होता आणि माणसाला कसं पुरत होता ते उजेडात आणलं. मृतदेह पुरण्यासाठी वापरलेल्या रांजणांची माहिती लहान मुलांना घाबरवू शकते, म्हणून दहाच्या पुढे. कामाच्या दिवशी आणि आधी विचारून.

वेधशाळेचं शिमला ऑफिस २३ मार्चला, जागतिक हवामान दिनी, लोकांसाठी खुलं होतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं म्हणून हे नाव. पर्जन्यमापक आणि तापमापीची पांढरी लाकडी पेटी जवळून बघा. पेटीच्या भिंतींना फटी का आहेत आणि ती जमिनीपासून उंच का ठेवतात, एवढं समजलं तरी टीव्हीवरचं तापमान आणि आपल्या गच्चीवरचं तापमान का जुळत नाही ते कळतं.

आकाशदर्शनासाठी ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी खगोलप्रेमींची संस्था, १९४४ सालची, टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात. पावसाळ्यात नाव नोंदवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चंद्र बघायला पौर्णिमा निवडणं ही नेहमीची चूक आहे. पौर्णिमेला चंद्रावर सूर्याचा उजेड समोरून पडतो, सावल्या नसतात, दुर्बिणीतून पांढरी थाळी दिसते आणि डोळे दिपतात. शुक्ल अष्टमीच्या आसपास उजेड आणि काळोखाच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात, तेव्हा जा. आकाशगंगा, तारकागुच्छ बघायचे तर अमावास्येच्या जवळचा शनिवार आणि शहराबाहेरची जागा. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याकडे कडेने वळली होती, म्हणून रेघेसारखी दिसत होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील. बरोबर स्वेटर, चटई आणि लाल जिलेटीन कागद बांधलेली बॅटरी घ्या. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस मिनिटं लागतात, तुमचेही आणि शेजारी बसलेल्यांचेही.